श्रीलंका: तीन खासदारांच्या विरोधी पक्षाने युद्धानंतरच्या देशात सभासद कसे जोडले?

गोदातीर

श्रीलंकेत सप्टेंबर 2024 मध्ये अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्या नॅशनल पीपल्स पॉवर, म्हणजे एनपीपी, या आघाडीने संसदेच्या 225 पैकी 159 जागा जिंकल्या, हे आपल्याकडच्या वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले असेल. माझा प्रश्न त्या विजयाबद्दल नाही, तर त्याआधीच्या, कोणाचेच फारसे लक्ष नसलेल्या वर्षांबद्दल आहे. 2019 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दिसानायके यांना केवळ 3.16 टक्के मते मिळाली होती आणि 2020 च्या संसदेत या आघाडीचे अवघे तीन खासदार होते. हाती सत्ता नाही, वाटायला ठेके नाहीत, कोणाला नोकरी लावून देण्याची ताकद नाही आणि मागे कोणत्याही राजकीय घराण्याची पुण्याई नाही. अशा पक्षाच्या बैठकीला एखाद्या शिक्षकाने, परिचारिकेने किंवा रिक्षाचालकाने संध्याकाळचा वेळ काढून का जावे, आणि एकदा गेल्यावर तिथे का टिकावे?

त्यात हा देश युद्धातून नुकताच बाहेर पडलेला. सरकार आणि तमिळ बंडखोर संघटना एलटीटीई यांच्यात 1983 पासून चाललेले युद्ध मे 2009 मध्ये संपले आणि त्याच्या अखेरच्या काही महिन्यांत 40,000 पर्यंत नागरिक मारले गेले असावेत, असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाचा अंदाज होता. शिवाय एनपीपीचा कणा असलेल्या जनता विमुक्ती पेरमुना, म्हणजे जेव्हीपी, या पक्षाने स्वतः 1971 मध्ये आणि पुन्हा 1987 ते 1989 या काळात सशस्त्र उठाव केले होते, म्हणजे दक्षिणेतल्या सिंहली गावांनाही त्यांचे स्वतःचे एक वेगळे युद्ध आठवते. जिथे दोन पिढ्यांनी राजकारण म्हणजे रात्री दारावर पडलेली थाप असाच अनुभव घेतला, तिथे यादीत नाव लिहून घेणे हे आपल्याकडे मिस्ड कॉल देऊन सभासद होण्याइतके सोपे नक्कीच नसणार.

‘लोक जुन्या पक्षांना कंटाळले होते’ हे उत्तर मी अनेक ठिकाणी वाचले आहे, पण त्याने माझे समाधान होत नाही, कारण कंटाळलेला माणूस बहुधा घरी बसतो. या पक्षाने प्रत्यक्ष काय केले, कोण आले, आणि उत्तरेतले तमिळ लोक त्यात आले का, याविषयी जाणकारांनी लिहावे.

मीनल रा.

या प्रश्नाचे उत्तर 2019 पासून नव्हे, 1989 पासून सुरू करावे लागेल. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जेव्हीपीचे संस्थापक रोहण विजेवीरा पकडले गेले आणि ठार झाले. पक्षाच्या सर्वोच्च नेतृत्वापैकी देशाबाहेर निसटलेले सोमवंश अमरसिंघे तेवढे वाचले. सरकारी दले आणि त्यांच्या आश्रयाने वावरणाऱ्या टोळ्यांनी हजारो तरुणांना उचलून नेले, आणि त्यांतले बहुतेक परत आले नाहीत. मात्र हे एकतर्फी नव्हते. जेव्हीपीच्या सशस्त्र शाखेनेही गावचे अधिकारी, बंदचा आदेश न पाळणारे दुकानदार आणि इतर डाव्या पक्षांचे कार्यकर्ते मारले होते. लोकप्रिय अभिनेते आणि डावे नेते विजया कुमारतुंगा यांची फेब्रुवारी 1988 मध्ये त्यांच्या घरासमोर हत्या झाली, तिचा ठपकाही याच पक्षावर आहे. म्हणजे 1990 नंतर दक्षिणेतल्या एखाद्या गावात पक्षाचा माणूस गेला, तर एका घरात मुलगा पक्षापायी नाहीसा झालेला असे, आणि दुसऱ्या घरात बाप पक्षाने मारलेला. दार लावून घ्यायला दोन्ही घरांकडे सबळ कारण होते. सभासदांची यादी हीच त्या काळी पोलिसांच्या आणि मारेकऱ्यांच्या हातातली यादी ठरली होती, हे विसरून तिथल्या सभासद नोंदणीचा विचारच करता येत नाही.

तरीही पक्ष 1994 मध्ये हंबनटोटातून एका खासदारासह संसदेत परतला, 2000 मध्ये दहा आणि 2001 मध्ये सोळा जागांपर्यंत गेला, आणि 2004 मध्ये चंद्रिका कुमारतुंगा यांच्या पक्षाशी युती करून त्याने 39 जागा मिळवल्या. या चंद्रिका म्हणजे वर उल्लेख केलेल्या विजया कुमारतुंगा यांच्या पत्नी, यावरून श्रीलंकेच्या राजकारणात काय काय पचवले जाते याची कल्पना यावी. पुढे 2005 मध्ये जेव्हीपीने राष्ट्राध्यक्षपदासाठी महिंद राजपक्षे यांना पाठिंबा दिला, युद्धाचे समर्थन केले, आणि युद्ध जिंकल्याचे श्रेय मात्र सगळेच्या सगळे राजपक्षे घराण्याच्या पदरात पडले. 2008 मध्ये विमल वीरवंश यांचा गट फुटला, 2010 मध्ये चार खासदार उरले.

माझ्या मते खरा निर्णायक धक्का 2012 चा आहे. त्या वर्षी कुमार गुणरत्नम यांचा गट बाहेर पडून फ्रंटलाइन सोशलिस्ट पार्टी स्थापन झाली आणि विद्यार्थी संघटनेचा मोठा भाग त्यांच्यासोबत गेला. जेव्हीपीची भरती पिढ्यानपिढ्या विद्यापीठांतून होत असे. खेड्यातून आलेला पहिल्या वर्षाचा मुलगा, वसतिगृह, वरच्या वर्गातले मार्गदर्शक आणि मग पक्षाचे सुप्रसिद्ध पाच अभ्यासवर्ग, असा तो ठरलेला मार्ग होता. (त्या मूळ पाच वर्गांपैकी एक ‘भारतीय विस्तारवादा’वर होता. 1987 च्या भारत-श्रीलंका करारानंतर या पक्षाने भारतीय मालावर बहिष्कार पुकारला होता. आपल्या भागातून तिकडे जाणाऱ्या मोठ्या कांद्याला आजही तिथे बॉम्बे ओनियन म्हणतात, म्हणून ही गोष्ट आपल्याला जरा जवळची वाटावी. तोच पक्ष फेब्रुवारी 2024 मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून दिल्लीला आला, हाही काळाचा महिमा.) हा विद्यापीठाचा मार्ग आटल्यामुळे 2014 मध्ये नेतृत्व हाती घेतलेल्या दिसानायके यांना नवे सभासद दुसरीकडे शोधणे भागच होते. त्याच वर्षी बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी उठावाच्या काळातल्या हत्यांबद्दल खेद व्यक्त केला. पक्षातल्या जुन्या मंडळींना ते रुचले नाही, पण बाहेरच्यांना दार किलकिले झाल्याचे त्यामुळेच कळले.

2019 मध्ये वीसहून अधिक संघटना एकत्र करून एनपीपी उभी राहिली, तिची रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. जेव्हीपीचे सभासदत्व पूर्वीसारखेच कठीण राहिले. तिथे आधी सहानुभूतीदार, मग उमेदवारीचा काळ आणि त्यानंतर सभासद अशी चढण आहे, खासदारांचे मानधनही पक्षाच्या समाईक निधीत जमा होते. एनपीपीमध्ये मात्र कोणालाही जेव्हीपीत येण्याचे निमंत्रण दिले जात नव्हते. डॉक्टरांनी डॉक्टरांच्या मंडळात यावे, वकिलांनी वकिलांच्या, आणि प्राध्यापक, कलावंत, लघुउद्योजक, महिला, निवृत्त सैनिक यांनी आपापल्या, अशी ती व्यवस्था होती. ज्या घराने 1989 पाहिले होते, त्या घरातल्या मुलीला ‘मी परिचारिकांच्या सभेला जाते आहे’ असे आईला सांगता येत होते. घंटा हे जुने चिन्ह बाजूला ठेवून होकायंत्र घेतले गेले, विळा-हातोडा सभामंचावरून दिसेनासा झाला. पुढे पंतप्रधान झालेल्या हरिनी अमरसूर्या याच वाटेने आल्या. त्या मुक्त विद्यापीठात शिकवणाऱ्या समाजशास्त्रज्ञ, प्राध्यापक संघटनेच्या आंदोलनातल्या कार्यकर्त्या, आणि 2020 मध्ये राष्ट्रीय यादीतून, म्हणजे पक्षाला देशभरातल्या मतांनुसार मिळणाऱ्या जागेवर, खासदार.

वाटसरू

मीनल यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु मला त्यात कार्यकर्त्यांना नेहमी आवडणारा एक समज दिसतो: आम्ही बैठका घेतल्या म्हणून आम्ही जिंकलो. 2019 मध्ये एनपीपी स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिला 3.16 टक्के मते मिळाली, 2020 मध्ये 3.84 टक्के. डॉक्टर, वकील आणि प्राध्यापकांची मंडळे तेव्हाही होतीच. मग 2024 मध्ये 42 टक्के कुठून आले? ते आले एप्रिल 2022 मध्ये देशाने परदेशी कर्ज फेडणे थांबवले त्यातून. पेट्रोलच्या रांगांत माणसे मेली, दिवसाला बारा-तेरा तास वीज जात होती, 2021 मध्ये एका रात्रीत रासायनिक खतांवर बंदी घालून तत्कालीन राष्ट्राध्यक्ष गोताबाया राजपक्षे यांनी शेतकऱ्याचे पीक बुडवले होते, आणि जुलै 2022 मध्ये तेच गोताबाया देश सोडून पळाले. त्यानंतर ज्याच्या अंगाला सत्तेचा डाग नाही असा कोणीही चालला असता.

दुसरे म्हणजे, दिसानायके पहिल्या फेरीत पन्नास टक्क्यांच्या खाली राहिले. श्रीलंकेच्या इतिहासात दुसऱ्या पसंतीची मते मोजण्याची वेळ प्रथमच आली. विरोधी पक्षनेते सजित प्रेमदास आणि तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रनिल विक्रमसिंघे यांच्यात उरलेली मते विभागली गेली नसती तर आज आपण ही चर्चा करत बसलो नसतो. सभासद हे विजयाचे कारण नसून विजयाची शोभा आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शंतनू, पुणे

वाटसरू यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, त्यांतून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. आर्थिक संकट सर्व विरोधी पक्षांना सारखेच उपलब्ध होते. त्यांच्यात मोठा होता प्रेमदास यांचा समगी जन बलवेगय, ज्याचे 2020 च्या संसदेत 54 सदस्य होते. डाग नसणे हीच अट असेल, तर वर मीनल यांनी सांगितलेली फ्रंटलाइन सोशलिस्ट पार्टी अधिक पात्र होती. ती कधी सत्तेच्या जवळपासही गेली नव्हती, आणि कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर 2022 मध्ये जे आंदोलन उभे राहिले त्यात तिच्या प्रभावाखालचे विद्यार्थी पहिल्या रांगेत होते. लाठ्या त्यांनी खाल्ल्या, अश्रुधूर त्यांनी सोसला, त्यांचे नेते तुरुंगात गेले. दोन वर्षांनी त्या पक्षाने ज्या आघाडीतर्फे निवडणूक लढवली तिच्या उमेदवाराला 0.08 टक्के मते मिळाली. मैदानावरची गर्दी आणि गावातला माणूस यांच्यातले अंतर याहून स्पष्टपणे दाखवणारा आकडा मला तरी माहीत नाही.

जी घडामोड आपल्याकडे कोणाच्या लक्षात आली नाही ती 2023 ची. त्या वर्षी 9 मार्चला स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका ठरल्या होत्या आणि जानेवारीत उमेदवारी अर्ज भरून झाले होते. तीनशेहून अधिक संस्था, आठ हजारांहून अधिक जागा, आणि कायद्याने 25 टक्के महिला. तीन खासदारांच्या पक्षाला एवढे उमेदवार उभे करायचे म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रभागात निदान एक माणूस शोधणे, त्याच्या घरी जाऊन कुटुंबाची समजूत घालणे आणि त्याच्या पाठीशी पाचदहा जण उभे करणे आले. हे काम पूर्ण झाले आणि मग तिजोरीत पैसे नाहीत या कारणाने सरकारने निवडणूकच होऊ दिली नाही. उमेदवारी दाखल केलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांची तर फारच कुचंबणा झाली, कारण त्यांना धड निवडणूकही लढवता येईना आणि धड कामावरही परतता येईना. सत्ताधाऱ्यांना वाटले असेल की संकट टळले. प्रत्यक्षात त्यांनी विरोधकांच्या हातात प्रभागनिहाय तयार आणि चिडलेले कार्यकर्ते दीड वर्षासाठी मोकळे सोडले. एनपीपीने त्यांना घरी बसू दिले नाही. 2023 आणि 2024 मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत महिलांची संमेलने झाली, मग निवृत्त सैनिकांची, मग वेगवेगळ्या व्यवसायांची.

महिलांचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो. श्रीलंकेत परकीय चलन आणणारे तीन मोठे कष्ट स्त्रियांचे आहेत: चहाचे मळे, कपड्यांचे कारखाने आणि आखातातली घरकामे. तरी संसदेत त्यांचे प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या पुढे कधी गेले नव्हते. जुन्या पक्षांत स्त्री पुढे येई ती बहुधा कोणाची तरी विधवा किंवा कन्या म्हणून. एनपीपीच्या संमेलनांत पहिल्यांदाच बोलणाऱ्या बायकांना कोणाची तरी कोणी असण्याची गरज नव्हती. दुसरी व्यवस्था निवडणुकीच्या पद्धतीतली होती. तिथे मतदार पक्षाला मत देऊन त्या पक्षाच्या तीन उमेदवारांना पसंतीही देतो, त्यामुळे इतर पक्षांत एकाच यादीतले उमेदवार एकमेकांचे वैरी होतात आणि फलकांवर अमाप पैसा उधळतात. एनपीपीने आपल्या उमेदवारांना वैयक्तिक पसंतीचा प्रचार करण्यास मनाई केली. पैसा नसलेल्या माणसाला उमेदवार होणे त्यामुळे शक्य झाले, आणि ‘सभासद झालो तर उद्या आपल्यालाही उभे राहता येईल’ हे पोकळ आश्वासन राहिले नाही.

वाटसरू यांचे एक म्हणणे मात्र मी मान्य करतो. मतांची लाट संघटनेच्या कितीतरी पुढे निघून गेली. ज्या पक्षाकडे प्रशिक्षित माणसे मोजकीच होती त्याला अचानक 159 खासदार आणि सबंध मंत्रिमंडळ भरावे लागले. नवे सभापती अशोक रणवाला यांना डॉक्टरेटच्या वादावरून डिसेंबर 2024 मध्ये, पद स्वीकारून महिना होण्याच्या आत, राजीनामा द्यावा लागला. शिकलेल्यांचा पक्ष म्हणून मिरवणाऱ्यांना तो फार झोंबला.

कावेरी, चेन्नई

गोदातीर यांच्या प्रश्नाचा शेवटचा भाग अजून कोणी हाताळलेला नाही. वरच्या सर्व प्रतिसादांत ‘देश’ म्हणजे दक्षिण आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

जाफना जिल्ह्यात सप्टेंबर 2024 मध्ये दिसानायके यांना सुमारे 27 हजार, म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास मते मिळाली. दोनच महिन्यांनी त्याच जिल्ह्यात एनपीपीला सुमारे 80 हजार मते पडली, ती पहिल्या क्रमांकावर आली आणि सहापैकी तीन जागा तिला मिळाल्या. दक्षिणेतला पक्ष जाफन्यात अव्वल ठरण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून जगभर तिचे कौतुक झाले. पण 80 हजार म्हणजे तिथल्या झालेल्या मतांचा जेमतेम चौथा हिस्सा. उरलेली मते तमिळ पक्षांच्या आपसांतल्या भांडणात आणि अपक्ष गटांत विखुरली, आणि जिल्ह्यात पहिल्या येणाऱ्या पक्षाला एक जादा जागा देण्याचा नियम एनपीपीच्या कामी आला. शेजारच्या वन्नीतही ती पहिली आली. बट्टिकलोआ मात्र देशातल्या 22 पैकी एकटा जिल्हा, जो तिला जिंकता आला नाही.

दोन महिन्यांत मते तिप्पट होतात, सभासद होत नाहीत. उत्तरेतल्या माणसाने या पक्षाचे सभासद व्हायचे म्हणजे काय काय विसरायचे, याची यादी पाहावी. जेव्हीपीने 2002 च्या शस्त्रसंधीला विरोध केला. त्सुनामीनंतर मदतवाटपासाठी सरकार आणि एलटीटीई यांच्यात संयुक्त यंत्रणा ठरली, तेव्हा ती नको म्हणून 2005 मध्ये हा पक्ष सरकारातून बाहेर पडला. उत्तर आणि पूर्व हे प्रांत 1987 च्या करारानुसार एकत्र केले गेले होते, ते वेगळे करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये दिला तोही जेव्हीपीच्या लोकांनी केलेल्या याचिकेवरून. युद्धाचा शेवट जिथे झाला त्या मुल्लैतिवूच्या किनाऱ्यावर ज्यांनी आपली माणसे गमावली, त्यांच्या दृष्टीने हा पक्ष तटस्थ नव्हता, युद्धाच्या बाजूचा होता.

भीतीही तिथे भूतकाळात जमा झालेली नाही. एलटीटीईचे सुमारे बारा हजार माजी सभासद सरकारी पुनर्वसन केंद्रांतून बाहेर आले आहेत आणि कोणत्याही सभेला गेले तरी गुप्तचर विभागाचा माणूस घरी येऊन चौकशी करतो, हा त्यांचा नित्याचा अनुभव आहे. 1979 चा दहशतवाद प्रतिबंधक कायदा कायम आहे. बेपत्ता झालेल्यांच्या आया किलिनोच्चीत फेब्रुवारी 2017 पासून रस्त्याच्या कडेला धरणे धरून बसल्या, त्यांतल्या कित्येक मुलाची वाट पाहतच वारल्या. अशा समाजात डॉक्टरांचे मंडळ, शिक्षकांचे मंडळ ही मीनल यांनी वर्णन केलेली युक्ती चालत नाही, कारण तिथला पहिला प्रश्न व्यवसायाचा नसतो. माझी जमीन सैन्याच्या ताब्यातून कधी सुटेल आणि माझा मुलगा कुठे आहे, हा असतो. त्यावर ‘आम्ही सर्वांना श्रीलंकेचे समान नागरिक मानतो’ हे उत्तर कानाला गोड लागले तरी अपुरे आहे. अधिकारांच्या वाटपाबद्दल हा पक्ष विरोधात असताना जितके जपून बोलत होता, तितकेच सत्तेत आल्यावरही बोलतो.

काम अजिबातच झाले नाही असे मात्र नाही. पक्षाचे जुने तमिळ कार्यकर्ते आणि आताचे मत्स्यव्यवसाय मंत्री रामलिंगम चंद्रशेखर यांनी जाफन्यात संघटना बांधण्यासाठी बराच काळ खर्च केला आहे. डोंगराळ भागातल्या चहामळ्यांतल्या तमिळांची गोष्टही वेगळी. तिथे प्रश्न मजुरीचा, घराचा आणि मुकादमाचा असतो आणि डाव्या पक्षाची भाषा तिथे थेट पोहोचते. मळ्यांतल्या तमिळ समाजातून पहिल्यांदाच दोन स्त्रिया खासदार झाल्या त्या एनपीपीच्या यादीतून. सरोजा पॉलराज या तमिळ महिलेला तर मातारासारख्या ठार सिंहली जिल्ह्याने निवडून दिले आणि त्या मंत्री झाल्या. युद्धाच्या काळात हे कोणी स्वप्नातही आणले नसते. पण मातारात तमिळ स्त्री निवडून येणे आणि जाफन्यात तमिळ माणसाने त्या पक्षाचा फलक आपल्या घरावर लावणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मे 2025 च्या स्थानिक निवडणुकीत ते दिसलेच. देशभरात एनपीपीची मते सुमारे 43 टक्क्यांवर उतरली तरी बहुसंख्य संस्थांत ती पहिली राहिली. उत्तरेत मात्र इलंकै तमिळ अरसु कच्ची हा जुना तमिळ पक्ष पुन्हा वर आला. गल्लीतल्या माणसाला मत द्यायची वेळ आली तेव्हा लोकांनी ओळखीचा माणूस निवडला, आणि एनपीपीकडे तिथे ओळखीची माणसे फार थोडी होती.

गोदातीर

सर्वांचे आभार. एक उपप्रश्न विचारावासा वाटतो. मीनल आणि शंतनू या दोघांनीही निवृत्त सैनिकांच्या मंडळाचा उल्लेख सहज केला आहे. कावेरीताईंचा प्रतिसाद वाचल्यावर तो मला सहज घेण्याजोगा वाटत नाही. ज्या पक्षाला उत्तरेत सभासद हवे आहेत, त्याने दक्षिणेत गणवेश उतरवलेल्या सैनिकांना जिल्हावार मंचावर बसवणे ही चूक नव्हती का? की विरोधी पक्षाला त्यावाचून गत्यंतरच नव्हते?

मीनल रा.

गत्यंतर नव्हते असे म्हणण्यापेक्षा, पक्षाने किंमत माहीत असूनही ती मोजली असे मी म्हणेन. 2009 नंतर सिंहली दक्षिणेत ‘रणविरू’, म्हणजे युद्धवीर, ही जणू राजपक्षे घराण्याची खाजगी मालमत्ता झाली होती. त्यांच्यावर टीका करणारा प्रत्येक जण देशद्रोही ठरत असे. युद्ध जिंकून देणारे लष्करप्रमुख सरत फोन्सेका यांनीही 2010 मध्ये त्यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली तेव्हा त्यांना तुरुंगात जावे लागले. त्या निवडणुकीत फोन्सेका यांच्या पाठीशी जेव्हीपी होती, त्यामुळे हा धडा पक्षाने जवळून घेतला होता. शिवाय हा सैनिक आला कुठून हे पाहा. अनुराधापुर, पोलोन्नरुव, कुरुनेगल या कोरड्या पट्ट्यातल्या जिल्ह्यांतल्या ज्या गरीब शेतकरी घरांतून जेव्हीपीला 1980 च्या दशकात तरुण मिळाले, त्याच प्रकारच्या घरांतून पुढे सैन्यात शिपाई गेले. दिसानायके स्वतः अनुराधापुर जिल्ह्यातल्या तंबुत्तेगमचे, आणि 1989 च्या दमनात त्यांचा चुलतभाऊ मारला गेला. या शिपायांना पेन्शन, अपंगत्वाचे भत्ते आणि निवृत्तीनंतरचे काम यांविषयीच्या रास्त तक्रारी होत्या, ज्यांच्याकडे रणविरूंचे पुतळे उभारणाऱ्यांनी लक्ष दिले नव्हते. पक्षाने त्यांच्या अभिमानाला हात न लावता त्यांच्या तक्रारीला जागा दिली. गावातला निवृत्त सार्जंट सभेत बसलेला दिसला की तिथे जाणाऱ्या इतरांवर देशद्रोहाचा शिक्का मारणे कठीण होई, आणि दक्षिणेतल्या भित्र्या मध्यमवर्गाला धीर येई.

किंमत उत्तरेत मोजावी लागली, हे कावेरी यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. ज्या मंडळामुळे कुरुनेगलमध्ये दार उघडले, त्याच मंडळाची छायाचित्रे मुल्लैतिवूत दार लावून घ्यायला पुरेशी होती. सत्तेत आल्यावर त्या मंडळातले निवृत्त मेजर जनरल अरुण जयसेकर संरक्षण उपमंत्री झाले. युद्धातल्या गुन्ह्यांच्या चौकशीचा विषय निघाला की पक्षाचे पाय इथे अडकतात, कारण आता तो विषय स्वतःच्याच सभासदांविरुद्ध जातो. जाफन्याकडून पलालीला जाणारा, लष्करी क्षेत्रातून जात असल्याने दशकानुदशके बंद असलेला रस्ता एप्रिल 2025 मध्ये अटी घालून खुला करण्यात आला. दहशतवाद प्रतिबंधक कायदा मात्र आश्वासन देऊनही पहिल्या वर्षात रद्द झाला नाही.

पुढचे काय, असे कोणी विचारील म्हणून लिहून ठेवते. उत्तर प्रांतिक परिषदेची निवडणूक 2013 नंतर झालेली नाही, आणि परिषदेची मुदत 2018 मध्येच संपली. ती निवडणूक जेव्हा लागेल तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या नावावर किंवा दक्षिणेतल्या लाटेवर मते मागता येणार नाहीत, कारण तिथे प्रश्नच उत्तरेने स्वतःचा कारभार किती चालवावा हा असेल. त्या यादीसाठी जाफना, किलिनोच्ची, मुल्लैतिवू, मन्नार आणि वावुनिया या पाच जिल्ह्यांतून एनपीपीला आपल्या नावाने उभी राहणारी माणसे शोधावी लागतील. अशी निवडणूक लवकर घ्यायला सरकार फारसे उत्सुक का दिसत नाही, हे त्यावरून समजावे.